रोधक-शिडी ध्वनिपरिवर्तक

रोधक-शिडी ध्वनिपरिवर्तक हे अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे अखंड विद्युत संकेतात रूपांतर करणारे एक इलेक्ट्रॉनिक मंडल आहे. असे रूपांतर करणाऱ्या कोणत्याही साधनास ‘डॅक’ म्हणतात. ज्या डॅकमध्ये हे काम केवळ दोन मूल्यांच्या रोधकांची शिडीसारखी जुळणी करून साधले जाते, त्यास ‘आर-टू-आर डॅक’ किंवा ‘शिडी डॅक’ असे नाव आहे. भ्रमणध्वनी, संगणक, सीडी वादक, दूरचित्रवाणी संच अशा प्रत्येक उपकरणात कोणता ना कोणता डॅक असतोच. मात्र आज त्यांतील बहुतेक डॅक ‘डेल्टा-सिग्मा’ या वेगळ्या पद्धतीचे असतात.

सुट्या रोधकांपासून बनवलेले शिडी डॅक काहीशे डॉलरपासून काही दहा हजार डॉलरपर्यंतच्या किमतींना विकले जातात. त्यांचा ध्वनी अधिक ‘नैसर्गिक’ असतो, असा त्यांच्या चाहत्यांचा दावा आहे. हा फरक कानांना खरोखर जाणवतो का, आणि जाणवत असल्यास तो शिडीमुळेच असतो का, हा दीर्घकाळ चाललेला वाद आहे. उपलब्ध मोजमापे आणि नियंत्रित श्रवणचाचण्या पाहता, नीट बनवलेल्या दोन डॅकमधील फरक सामान्यतः श्रवणमर्यादेखाली राहतो. जेथे फरक खरोखर ऐकू येतो, तेथे त्याचे कारण बहुधा फिल्टर, आवाजाची पातळी किंवा बहिर्गामी विवर्धक यांत सापडते. शिडीची रचना हे ते कारण नसते.

## कार्यपद्धती

अंकीय ध्वनिमुद्रणात ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून प्रत्येक मापाची संख्या नोंदवली जाते. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीसाठी अशा ४४,१०० संख्या असतात आणि प्रत्येक संख्या १६ बिटांची असते. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या पायऱ्या मांडता येतात. डॅकचे काम म्हणजे प्रत्येक संख्येला तिच्या प्रमाणात विद्युतदाब देणे.

द्विमान संख्येतील प्रत्येक बिटाचे मोल उजवीकडील बिटाच्या दुप्पट असते. वाण्याच्या दुकानातील तराजूचे उदाहरण येथे उपयोगी पडते. एकाजवळ १, २, ४ आणि ८ किलोग्रॅमची एकेक वजने असतील, तर त्यांपैकी योग्य ती निवडून १ ते १५ किलोग्रॅमपर्यंतचे कोणतेही पूर्ण माप तोलता येते. डॅकमध्ये वजनांची जागा रोधक घेतात आणि वजन पारड्यात टाकण्याचे काम इलेक्ट्रॉनिक कळी करते.

प्रत्येक बिटासाठी वेगळ्या मूल्याचा रोधक वापरायचे ठरवल्यास अडचण येते. १६ बिटांसाठी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या रोधकाचे प्रमाण १ : ३२,७६८ इतके ठेवावे लागेल. एवढ्या विस्तृत पल्ल्यात सर्व रोधक सारख्याच अचूकतेने बनवणे अतिशय कठीण असते. शिडीची रचना ही अडचण दूर करते. तिच्यात ‘आर’ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ‘२आर’, अशी दोनच मूल्ये लागतात. आर मूल्याचे रोधक एका ओळीत जोडलेले असतात आणि त्यांच्या प्रत्येक सांध्यातून २आर मूल्याची एक फांदी निघते. कोणत्याही सांध्यावरून मागे पाहिले असता उरलेल्या शिडीचा एकत्रित रोध सारखाच भरतो. त्यामुळे प्रत्येक पायरीवर संकेत अचूक निम्मा होत जातो.

तीन बिटांच्या शिडीत बिटांची मोले संदर्भ-विद्युतदाबाच्या अनुक्रमे ४/८, २/८ आणि १/८ असतात. १०१ ही द्विमान संख्या म्हणजे दशमान पद्धतीतील ५. तिच्यासाठी पहिली आणि तिसरी कळ चालू होते व ५/८ इतका विद्युतदाब मिळतो. बिटांच्या संख्येच्या दुप्पट रोधक एका साध्या शिडीस लागतात. म्हणजे २४ बिटांसाठी ४८, आणि दोन्ही वाहिन्यांसाठी संतुलित जोडणी केल्यास १९२ रोधक लागतात.

## अचूकतेचा प्रश्न

शिडीची कल्पना सोपी असली, तरी तिचे यश रोधकांच्या परस्पर गुणोत्तरावर अवलंबून असते. सर्वाधिक कसोटी लागते ती मध्यावर. १६ बिटांच्या मापनात ३२,७६७ या संख्येनंतर ३२,७६८ ही संख्या येते, तेव्हा खालचे पंधरा बिट एकदम बंद होतात आणि सर्वांत मोठ्या मोलाचा एकच बिट चालू होतो. अपेक्षा एका पायरीच्या वाढीची असते. परंतु या मोठ्या बिटाच्या रोधकात ०.०१ टक्के इतकी तूट असेल, तर त्या ठिकाणी सुमारे तीन पायऱ्यांची चूक होते. चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची असेल, तर रोधकाची अचूकता सुमारे ०.००१५ टक्के हवी. २४ बिटांसाठी हेच प्रमाण सुमारे ०.०००००६ टक्के होते. बाजारात सहज मिळणारे रोधक १ टक्का किंवा ०.१ टक्का अचूकतेचे असतात, ०.०१ टक्क्याचे रोधक बरेच महाग पडतात.

ध्वनीच्या बाबतीत ही मध्यावरची चूक विशेष गैरसोयीची ठरते. ध्वनिलहर शून्याच्या वर-खाली हेलकावत असते आणि शून्य हेच मापनाचे मध्यस्थान असते. म्हणून अगदी हळू आवाजातील संगीतही प्रत्येक आंदोलनात या सदोष पायरीवरून जाते. यावर उपाय म्हणून काही निर्माते धन आणि ऋण भागांसाठी दोन स्वतंत्र शिड्या वापरतात. अशा रचनेत शून्याजवळ केवळ लहान मोलाचे बिट बदलतात आणि मोठ्या बिटाची चूक हळू आवाजापर्यंत पोहोचत नाही.

तापमानाचाही परिणाम होतो. सर्व रोधक सारख्याच प्रमाणात तापले, तर त्यांचे गुणोत्तर टिकून राहते. एक भाग अधिक तापला, तर ते बिघडते. याशिवाय उष्णतेमुळे प्रत्येक रोधकात अपरिहार्य असा सूक्ष्म गोंगाट निर्माण होतो. सामान्य तापमानाला १,००० ओहमच्या रोधकात २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो सुमारे ०.५७ मायक्रोव्होल्ट भरतो. २ व्होल्टच्या संकेताशी तुलना करता हा गोंगाट सुमारे १३१ डेसिबेल खाली असतो आणि हे प्रमाण साडेएकवीस बिटांच्या आसपासचे आहे. त्यामुळे खोक्यावर ‘२४ बिट’ किंवा ‘३२ बिट’ असे छापलेले असले, तरी तो आकडा स्वीकारल्या जाणाऱ्या संख्येच्या लांबीचा असतो. प्रत्यक्ष साधलेली अचूकता त्यापेक्षा कमीच असते.

## इतिहास

ध्वनीची संख्यांत मांडणी करण्याची कल्पना ब्रिटिश अभियंता अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी १९३७ मध्ये मांडली. घरगुती संगीतात ती रुजली ती सीडीमुळे. सोनी कंपनीचा ‘सीडीपी-१०१’ हा वादक १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. फिलिप्स कंपनीच्या पहिल्या वादकात १४ बिटांचा डॅक होता. मूळ नमुन्यांच्या मध्ये गणिताने आणखी नमुने भरून त्यांची संख्या चौपट करायची, या युक्तीने त्याच्याकडून १६ बिटांच्या तोडीचे काम करून घेतले जाई. या युक्तीस ‘अतिनमुनन’ म्हणता येईल.

पुढील काळात अनेक बिट एकाच वेळी हाताळणाऱ्या चिपचा विकास झाला. अमेरिकेतील बर-ब्राउन कंपनीच्या चिपमध्ये धातूच्या पातळ थरांचे रोधक असत आणि लेझर किरणाने त्यांचा अल्पसा भाग कापून त्यांचे मूल्य नेमके केले जाई. याच कंपनीची ‘पीसीएम१७०४’ ही २४ बिटांची शिडी-चिप महागड्या वादकांत विशेष नावाजली गेली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २००० मध्ये बर-ब्राउन ही कंपनी विकत घेतली. पुढे या चिपचे उत्पादन थांबले. त्यानंतर शिडी डॅक बनवू इच्छिणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांनी मुद्रित फलकावर शेकडो सुटे रोधक बसवण्याचा मार्ग स्वीकारला. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएम कंपनीच्या कारखान्यास मोठी आग लागली आणि ध्वनिपरिवर्तक चिपचा जगभर तुटवडा झाला. चिपविना चालणाऱ्या सुट्या शिड्यांकडे काही निर्माते वळले, त्यामागे हेही एक कारण होते.

## डेल्टा-सिग्मा पद्धत

शिडीची तुलना ज्या पद्धतीशी केली जाते, तिचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील कॅसियस कटलर यांनी १९५४ मध्ये केलेल्या पेटंट-अर्जात या पद्धतीचे बीज आढळते. जपानमधील हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तिला डेल्टा-सिग्मा हे रूप दिले.

या पद्धतीत थोड्याच पायऱ्यांचा, पण अतिशय वेगाने चालणारा परिवर्तक वापरतात. एखाद्या कारकुनाजवळ केवळ रुपयाची नाणी आहेत आणि त्याला रोज साडेतीन रुपये चुकते करायचे आहेत, असे समजा. तो एक दिवस तीन आणि दुसऱ्या दिवशी चार रुपये देतो आणि राहिलेली तूट पुढच्या हिशेबात ओढतो. एका दिवसाचा हिशेब पाहिला तर तो चुकीचा दिसतो. महिन्याची सरासरी मात्र बरोबर येते. डेल्टा-सिग्मा परिवर्तक सेकंदाला लक्षावधी वेळा असाच हिशेब करतो. त्यातून उद्भवणारा गोंगाट श्रवणकक्षेच्या वरच्या वारंवारतांकडे ढकलला जातो आणि तेथे तो फिल्टरने काढून टाकता येतो. रोधकांच्या काटेकोर गुणोत्तराची गरज येथे पुष्कळच कमी होते. म्हणून अशी चिप स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर बनवता येते.

आरंभीच्या एक-बिट डेल्टा-सिग्मा परिवर्तकांत काही उणिवा होत्या. फार हळू संकेतांच्या वेळी त्यांत अनाहूत स्वर उमटत. स्टॅन्ली लिपशिट्झ आणि जॉन व्हँडरकॉय यांनी २००१ मध्ये एक-बिट पद्धतीवर याच दिशेने सैद्धांतिक टीका केली. आजच्या बहुतेक उत्तम चिपमध्ये एकाऐवजी अनेक बिटांचा डेल्टा-सिग्मा परिवर्तक असतो आणि ही उणीव त्यात दूर झालेली आहे. शिडीच्या बाजूने केले जाणारे काही युक्तिवाद या जुन्या, मागे पडलेल्या चिपना उद्देशून आहेत, हे लक्षात ठेवणे योग्य.

## श्रेष्ठतेचे दावे

शिडी डॅकच्या बाजूने सामान्यतः पुढील मुद्दे मांडले जातात.

* शिडी प्रत्येक नमुन्याचे थेट रूपांतर करते, तर डेल्टा-सिग्मा पद्धत मूळ संख्येचा ‘अंदाज’ बांधते.
* शिडीतून येणाऱ्या ध्वनीत वाद्यांचा पोत अधिक खरा वाटतो.
* शिडीचा ध्वनी दीर्घकाळ ऐकला तरी कान थकत नाहीत.

पहिला मुद्दा तपासता येण्याजोगा आहे. नमुनन सिद्धान्तानुसार, मूळ ध्वनीतील सर्वोच्च वारंवारता नमुननाच्या दराच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या नमुन्यांतून मूळ लहर पूर्णपणे परत मिळवता येते. अट एवढीच की, परिवर्तनानंतर योग्य फिल्टर वापरला जावा. त्यामुळे महत्त्व बाहेर पडणाऱ्या लहरीला आहे. मधल्या टप्प्यावर संख्या कोणत्या रीतीने हाताळल्या गेल्या, याने त्या लहरीच्या अचूकतेत आपोआप फरक पडत नाही. शिवाय अनेक शिडी डॅक स्वतःच आधी अतिनमुनन करतात आणि गणिताने काढलेले नमुनेच शिडीकडे पाठवतात. १९९० च्या दशकापासून ध्वनिमुद्रणगृहांतील बहुतांश परिवर्तकही डेल्टा-सिग्मा प्रकारचे आहेत. म्हणजे श्रोत्याच्या घरी येण्यापूर्वीच ते संगीत त्या पद्धतीतून गेलेले असते.

उरलेले दोन मुद्दे अनुभवाचे आहेत. असा अनुभव सांगणारा माणूस खोटे बोलतो असे मानण्याचे कारण नाही. त्या अनुभवाचा उगम कोठे आहे, एवढाच प्रश्न असतो.

## मोजमापे आणि श्रवणमर्यादा

आदर्श १६ बिटांच्या परिवर्तकात सर्वांत मोठा संकेत आणि गोंगाट यांतील अंतर सुमारे ९८ डेसिबेल असते. रात्रीच्या वेळी शांत असलेल्या घरातील खोलीतही सुमारे ३० डेसिबेल इतका पार्श्वध्वनी असतो. संगीताचे सर्वोच्च आघात १०० डेसिबेलपर्यंत पोहोचतात असे धरले, तरी प्रत्यक्ष ऐकताना उपयोगात येणारा पल्ला ७० डेसिबेलच्या आसपास राहतो.

वर दिलेली ०.०१ टक्क्याची चूक पूर्ण पातळीच्या सुमारे ८६ डेसिबेल खाली येते. १०० डेसिबेलच्या आघातांशी जुळवून ठेवलेल्या संचावर ती सुमारे १४ डेसिबेल भरेल आणि खोलीच्या पार्श्वध्वनीत बुडून जाईल. एखाद्या रचनेच्या अखेरीस आवाज विरत जाताना कोणी ध्वनी मुद्दाम खूप वाढवला, तर मात्र सदोष शिडीचा खरखरीतपणा ऐकू येऊ शकतो. स्पीकरची स्थिती याहून बोलकी आहे. चांगल्या स्पीकरमधील विरूपणही अनेकदा ०.१ ते १ टक्का, म्हणजे मूळ ध्वनीच्या केवळ ६० ते ४० डेसिबेल खाली असते. ध्वनीच्या साखळीतील या दुव्याच्या मानाने दोन बऱ्या डॅकमधील फरक कितीतरी सूक्ष्म असतो.

येथे एक विरोधाभास दिसतो. मोजमापाच्या टेबलावर साध्या डेल्टा-सिग्मा चिपचे विरूपण अनेक महागड्या सुट्या-रोधकांच्या शिड्यांपेक्षा कमी भरते. याचा अर्थ शिडी ऐकण्यास वाईट असा होत नाही, कारण दोन्हींतील विरूपण बहुधा श्रवणमर्यादेखालीच असते. परंतु जास्त किमतीबरोबर जास्त अचूकता आलीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

## फरक खरोखर ऐकू येतो तेव्हा

काही शिडी डॅक इतरांपेक्षा निश्चित वेगळे ऐकू येतात. त्यामागील सर्वसाधारण कारणे अशी आहेत.

फिल्टरचा अभाव: काही शिडी डॅक अतिनमुनन आणि त्यासोबतचा फिल्टर हेतुपुरस्सर वगळतात. अशा वेळी प्रत्येक नमुना पुढचा नमुना येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो व लहर पायऱ्यापायऱ्यांची बनते. याचा गणिताने निश्चित होणारा परिणाम म्हणजे उंच स्वरांची घट. ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुननात ही घट १० किलोहर्ट्झला सुमारे ०.७ डेसिबेल, १५ किलोहर्ट्झला १.७ डेसिबेल आणि २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबेल असते. तरुण कानांना ही घट जाणवू शकते आणि ‘मऊ’, ‘न टोचणारा’ असे तिचे वर्णन होणे स्वाभाविक आहे. परंतु फिल्टर वगळलेला कोणताही परिवर्तक अशीच घट दाखवील. तसेच फिल्टर बसवलेल्या शिडीत ती आढळणार नाही.

पातळीतील फरक: एका यंत्राचा बहिर्गामी संकेत २ व्होल्ट आणि दुसऱ्याचा २.५ व्होल्ट असेल, तर दोहोंत सुमारे १.९ डेसिबेलचा फरक पडतो. एवढा फरक श्रोत्याला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतोच असे नाही. अनेकदा तो ‘अधिक स्पष्ट’ किंवा ‘अधिक जिवंत’ म्हणून जाणवतो.

बहिर्गामी टप्पा: काही महाग डॅकमध्ये शिडीनंतर निर्वात नलिकांचा विवर्धक किंवा रोहित्र असते. यांमुळे मूळ स्वरात दुप्पट आणि तिप्पट वारंवारतेचे उपस्वर मिसळू शकतात. मूळ स्वर षड्ज मानला, तर दुप्पट वारंवारतेचा स्वर म्हणजे वरचा षड्ज, आणि तिप्पट वारंवारतेचा स्वर म्हणजे त्या वरच्या षड्जाचा पंचम. तंबोऱ्याच्या झंकारातही हे उपस्वर असतातच. म्हणून त्यांची अल्पशी भर खटकत नाही. उलट ध्वनी भरदार झाल्यासारखा वाटू शकतो. असा ध्वनी आवडणे ही रुचीची बाब आहे. तरीही तांत्रिक अर्थाने ती मूळ मुद्रणात पडलेली भर असते.

## श्रवणचाचण्या

दोन यंत्रांतील फरक कान ओळखतात की मन, हे ठरवण्यासाठी ‘अंध चाचणी’ घेतात. तिच्या प्रचलित प्रकारात श्रोत्याला ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन ज्ञात यंत्रे ऐकवतात आणि मग ‘क्ष’ हे त्यांपैकीच एक अज्ञात यंत्र ऐकवून ते कोणते, असे विचारतात. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ध्वनी-अभियंत्यांच्या नियतकालिकात या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले. दोन्ही यंत्रांची पातळी ०.१ डेसिबेलच्या आत जुळवणे ही तिची महत्त्वाची पूर्वअट मानली जाते.

ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरॅन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च क्षमतेच्या ध्वनिमुद्रणांच्या मार्गात सीडीच्या दर्जाचे, म्हणजे १६ बिटांचे, दुहेरी परिवर्तन घातले गेले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. हे प्रमाण ४९.८ टक्के, म्हणजे नाणे उडवून दिलेल्या उत्तरांइतकेच आहे. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यातील १२,००० हून अधिक प्रयत्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक ओळखण्याची शक्यता शून्य नाही, पण ती फार थोडी आहे. हे प्रयोग शिडी आणि डेल्टा-सिग्मा यांच्या तुलनेसाठी केलेले नव्हते. तरीही एक संपूर्ण जादा परिवर्तन इतके क्वचित ओळखले जात असेल, तर परिवर्तकाच्या अंतर्गत रचनेचा फरक ठळक ऐकू येईल, या दाव्यास भक्कम पुरावा हवा, हे त्यांवरून स्पष्ट होते.

डोळ्यांचा प्रभावही सिद्ध झालेला आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, स्पीकर समोर दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड ऐकून दिलेले गुण यांत लक्षणीय तफावत पडते. हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एकच वाइन कधी १० डॉलरची, तर कधी ९० डॉलरची म्हणून लोकांना चाखायला दिली. महाग म्हणून सांगितलेली वाइन त्यांना अधिक आवडली आणि सुखसंवेदनेशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचालही तेव्हा वाढलेली दिसली. यावरून किमतीमुळे वाटणारा आनंद हा ढोंग नसतो, तो खरोखर अनुभवला जातो, असे म्हणता येते. त्याचे कारण मात्र पेल्यातील द्रवात, किंवा ध्वनीच्या बाबतीत रोधकांच्या शिडीत, असतेच असे नाही.

अंध चाचणीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. एखाद्या चाचणीत फरक ओळखला गेला नाही, म्हणजे तो कोणालाही कधीच ओळखता येणार नाही असे सिद्ध होत नाही. अपुरे प्रयत्न, थकवा किंवा अयोग्य संगीत यांमुळे खरा फरकही निसटू शकतो.

## घरगुती पडताळणी

ही चाचणी घरीही घेता येते. दोन्ही डॅक एकाच विवर्धकाला जोडावेत. १ किलोहर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून बहुमापकाने दोहोंचा विद्युतदाब मोजावा आणि तो सुमारे एक टक्क्याच्या आत जुळवावा, ०.१ डेसिबेल म्हणजे जवळपास एवढाच फरक. यंत्र बदलण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीने आडोशाआड राहून, नाणे उडवून ठरलेल्या क्रमाने करावे. श्रोत्याला त्या व्यक्तीचा चेहराही दिसू नये. बारकाव्यांची स्मृती फार थोडा वेळ टिकते, म्हणून बदल शक्य तितका झटपट व्हावा आणि संगीताचा तोच छोटा तुकडा पुन्हा वाजवावा.

निष्कर्ष काढताना पुरेसे प्रयत्न असणे गरजेचे आहे. १० पैकी ७ उत्तरे बरोबर येणे आकर्षक वाटते. परंतु निव्वळ अंदाजानेही ७ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. म्हणून तेवढे यश मिळाल्यास फरक खरोखर ऐकू येत असावा, असे मानण्यास आधार मिळतो. त्यानंतर फिल्टर, पातळी आणि बहिर्गामी टप्पा यांपैकी कारण कोणते, हा शोध सुरू होतो.

ज्याला अशा चाचणीत फरक ओळखता येत नाही, त्याने डॅकवरील जादा खर्च स्पीकर, हेडफोन किंवा खोलीतील प्रतिध्वनी कमी करण्याकडे वळवल्यास ध्वनीत सहज मोजता येणारी सुधारणा होते. उत्तम बांधणी, दुर्मीळ कारागिरी किंवा संग्रहाची आवड ही शिडी डॅक घेण्याची पुरेशी कारणे असू शकतात. ती कारणे ध्वनिगुणवत्तेच्या दाव्यापासून वेगळी मोजणे इष्ट ठरते.

## अन्य उपयोग

शिडी ही कालबाह्य झालेली रचना नाही. जेथे स्थिर विद्युतदाब अतिशय नेमकेपणाने आणि विलंबाविना द्यावा लागतो, अशा मापन-उपकरणांत व औद्योगिक नियंत्रणात ती आजही वापरली जाते. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीची २० बिटांची ‘एडी५७९१’ ही चिप याचे उदाहरण असून, तिची रेषीय अचूकता दशलक्षात एक भाग इतकी आहे. सूक्ष्मनियंत्रकाला काही रोधक जोडून साध्या शिडीचा प्रयोग विद्यार्थ्यांनाही करता येतो. चार बिटांची शिडी आठ रोधकांत तयार होते आणि तिच्या सोळा पायऱ्या साध्या बहुमापकावर एकेक करून मोजून पाहता येतात.